कोल्ड रूम दोनची घंटा

“कुठे, केव्हा, कोणाला, काय झालं, हे चारही सांगायचं. नुसतं ‘चुकलं’ म्हणून रडायचं नाही.”

प्रतिभा मॅडमचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका लहानशा ऑफिसात त्या रिझवानला शिकवत होत्या आणि रिझवान माझी पहिली ओळ लिहीत होता. मित्रांनो, मी एक जुनी लॉग फाइल आहे. सॉफ्टवेअर चालताना जे घडतं, ते घडल्या क्षणी माझ्या अंगावर उमटतं.

माझ्याकडे दिंडोरीतल्या द्राक्षांच्या कोल्ड रूमचं काम होतं. दार उघडलं, लिहा. थंडी वाढली, लिहा. तुम्ही आम्हाला बोलायच्या पायऱ्या दिल्यात. डीबग म्हणजे स्वतःशी पुटपुटणं, इन्फो म्हणजे रोजची खुशाली. वॉर्निंग म्हणजे ‘जरा इकडे बघता का?’ आणि एरर म्हणजे हंबरडा. कोणाचा पासवर्ड मात्र माझ्या कानावर घालू नका, कारण वाचील त्याला मी सगळं सांगून टाकते.

एकदा तिथला पंखा थांबला, तेव्हा माझ्या एका ओळीवरून रिझवानने हातातला चहा निवायच्या आत बिघाड शोधला. “बोलते बरं का ही!” मॅडम कौतुकाने म्हणाल्या. मी सुखावले.

तरी भीती माझ्या पाचवीला पुजलेली. नव्या फाइलींना जागा हवी म्हणून आम्हा जुन्यांना पुसतात. पण पुसलं जाण्याहून भयंकर काही असतं, ते मला मागच्या द्राक्षहंगामात कळलं.

कोल्ड रूम दोनचं दार सारखं उघडं राहू लागलं. ‘दार पूर्ण लागलेलं नाही’, मी वॉर्निंग लिहायची. पुन्हा तेच, पुन्हा तेच. प्रत्येक वॉर्निंग तिथल्या सुपरवायझरच्या, संतोषच्या, मोबाइलवर वाजायची. त्याने फोन केला.

“ओ रिझवानभाई, तुमचं मशीन येडं झालंय का? बायका दारात क्रेट ठेवून आतबाहेर करत्यात, तेवढंच हाय. जेवू पण देत नाय हे!”

“क्रेट? बरं, गप्प करतो त्याला,” रिझवान हसत म्हणाला. त्या बायका दारात क्रेट का ठेवतात, हे ना संतोषने विचारलं, ना रिझवानने. रिझवानने माझ्या सेटिंगमधला एक शब्द बदलला. आता एरर असेल तरच मी लिहायचं.

मित्रांनो, माझं तोंड बांधलं गेलं. वॉर्निंगा माझ्या उंबऱ्याशी यायच्या आणि माघारी फिरायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, किती सुखात चाललंय सगळं!

मग ती दुपार आली. मालाची गर्दी, क्रेट कमी पडलेले. कोणीतरी दारातला क्रेट उचलून नेला आणि जड दार आपोआप लागलं. आत मीना होती. द्राक्षं रचणारी, अंगात पातळ स्वेटर. तिने आतल्या घंटेचं बटण दाबलं.

ती घंटा तिथे वाजत नाही, थेट नाशिकला आमच्याकडे कळते. आणि तिची नोंद वॉर्निंग म्हणून करायची, असं रिझवानने सुरुवातीलाच ठरवलेलं! ती हाक माझ्यापाशी आली आणि फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. ती बटण दाबते, दार बंद. ती बटण दाबते, माझं तोंड बंद. ज्याला लिहिता येत नाही त्याला ओरडताही येत नाही. हळूहळू दोन हाकांमधलं अंतर वाढत गेलं. बोटं गारठली असतील का तिची?

तेवढ्यात प्रतिभा मॅडम सहज मला उघडून बसल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“रिझवान, ऐन हंगामात ही इतकी शांत कशी?”

“मॅडम, ते... फालतू वॉर्निंग फार येत होत्या.”

“फालतू कोणी ठरवलं?”

त्यांनी माझं तोंड सोडलं. पण जे तेव्हा लिहिलं नाही, ते नंतर कुठून आणणार? आधीच्या साऱ्या हाका वाऱ्यावर गेल्या होत्या. आता मीनाने पुन्हा बटण दाबलं तरच. दाब बाई, दाब, एकदाच दाब!

कोरी जागा. कोरी जागा. मग ओळ उमटली: ‘कोल्ड रूम दोन, आतून घंटा.’

“संतोष, पळ! दोन नंबरचं दार उघड!” मॅडम फोनवर किंचाळल्या.

मित्रांनो, मी आता पुसली जाणार आहे, माझी हरकत नाही. एवढंच मागते. माझी कटकट झाली तर माझं तोंड बांधण्याआधी, मी कशासाठी ओरडते ते एकदा जाऊन बघा. माणसाच्या जिवाची हाक असेल तर तिला वॉर्निंग म्हणून लिहू नका. आणि मी अगदीच शांत झाले, तर घाबरा.

त्या दुपारी दार उघडल्यावरही फोन चालूच होता. पलीकडे मीनाला गोधडीत गुंडाळलं होतं, दात वाजत होते. मॅडमनी हळूच विचारलं, “मीनाताई, दारात क्रेट का ठेवता तुम्ही?”

संतोष शेजारीच उभा असणार. तरी ती बोलली.

“त्या दाराची आतली कडी लय दिवसांपासून अडकती, मॅडम. मागं भिमाबाई पण अडकली होती. कामावरनं काढतील म्हणून सांगितलं नाय आम्ही कोणाला.”