आफ्रिकेचं कपाट

ग्रंथपाल बाईंनी कपाटातून चार पुस्तकं ओढली, मागच्या चिठ्ठ्यांवर तारखेचे शिक्के हाणले आणि सगळी पिशवीत कोंबली. खांदा कुरकुरला.

वाचनालयाचा नियम होता, पाच वर्षांत शिक्का पडला नाही तर पुस्तक रद्दीत. आफ्रिकेच्या कपाटात दोनशे अकरा पुस्तकं होती: राजे-राण्या, मुखवटे, ढोल, मिठाचे तांडे. वाचायला चिटपाखरू फिरकत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी त्यांची सूचीपत्रं हाताने लिहिली होती, म्हणून जीव अडकलेला. मग त्याच ती पुस्तकं घरी नेत आणि आठवड्याने परत आणत. कधी स्वतःच्या कार्डावर, कधी नवऱ्याच्या. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, कार्ड मात्र ठणठणीत होतं. हयातीत ज्याने वर्तमानपत्राची घडी मोडली नाही, त्याने मेल्यावर अख्खी आफ्रिका पालथी घातली. बाईंनी मात्र एकही पान उलटलं नव्हतं. ओझी वाहून त्राणच उरत नसे.

"बाई, तुमच्या घरात आफ्रिकेचं खूळ शिरलंय काय?" साहेब रद्दीची यादी घेऊन आले.

"वाचतात बापडे."

"घरचे शिक्के धरायचे नाहीत, असं वरून आलंय. बाहेरचा एक तरी वाचक दाखवा. नाहीतर शनिवारी कपाट रिकामं."

यादी टेबलावर ठेवून साहेब गेले.

"चौथी खेप माझी," खिडकीशी कुणीतरी म्हणालं. भूगोलाचे निवृत्त मास्तर होते. "ते मिठाच्या तांड्यांवरचं जाड पुस्तक. तुमची माणसं दर वेळी सांगतात, बाहेर गेलंय."

बाईंचा चेहरा उतरला. ते धूड पिशवीत मावेना, म्हणून तीन वर्षं नवऱ्याच्या नावावर मुदत वाढवत त्यांनी ते घरीच ठेवलं होतं. टेबलाच्या मोडक्या पायाखाली.

"कोण नेतो हो ते?"

"आमचेच... हे."

"वा." मास्तर खिडकीवर रेलले. "तीस वर्षं पोरांना नकाशावर वाळवंट दाखवलं. पण ते तांडे पाणी कुठे गाठायचे, ते काही मला सांगता आलं नाही. यांना ठाऊक असेल. भेटायला येऊ का? असल्या गोष्टी बोलायला माणूस उरला नाही."

"बाहेरचं कुणी आलेलं... चालत नाही त्यांना."

"मग विचारून तरी ठेवा."

"ठेवते. जरा सावकाश वाचतात ते." बाईंनी कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. "तुम्ही मागणी लिहून द्या. सही ठळक करा."

मास्तरांची चिठ्ठी त्यांनी साहेबांच्या यादीला टाचली. टाचणी दोनदा बोटात गेली.

घरी येऊन बाईंनी टेबल उचलून पुस्तक ओढून काढलं. टेबल एका अंगाला कलंडलं, तसंच राहू दिलं. पदराने धूळ पुसून चष्मा लावला. सवयीने बोट आधी शेवटच्या शब्दसूचीकडे गेलं. 'पाणवठे' लगेच सापडले, पुढे पानांचे आकडेही होते. बाई क्षणभर त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि पहिल्या पानावर उघडलं.