मला न कळलेला अंगठा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. मी कुणा एकाच्या मालकीचा नाही, मी चाचणीचा. कारखान्यातून निघालो तो थेट एका रुग्णालयाच्या कपाटात आलो. नवी सेवा निघाली की मला कुणाच्या तरी घरी महिनाभर ठेवायचे आणि ती लोकांच्या पचनी पडते का ते बघायचे. सुरुवातीला माझं कोण कौतुक! रोज पुसणं काय, मऊ पिशवी काय.

शेवटची चाचणी गाडीची होती. डायलिसिसच्या रुग्णांनी माझ्यावरचं हिरवं बटण दाबलं की रुग्णालयाची गाडी दारात येणार. तोवर लोक साधा फोन करत आणि पलीकडून एक मावशी "पाठवते हं" म्हणत. नवी सेवा सगळ्यांना जमली, तर मावशींचा फोन बंद होणार होता.

मला डायलिसिसवर असलेल्या एका शिंपीकाकांकडे दिलं. पन्नास वर्षं सुई धरून त्यांची बोटं निबर झालेली. त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं आणि काय सांगू, मला स्पर्शच कळला नाही. असल्या कोरड्या, घट्टे पडलेल्या कातडीला माझी काच दादच देत नाही. काकांनी अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा दाबलं. मग ओशाळून मला सुनेपुढे धरलं.

"चष्मा सापडत नाहीये, तूच दाब गं."

चष्मा नाकावरच होता. सून समजूतदार, तिनं लगेच दाबलं. महिनाभर, आठवड्यातून तीनदा, तिनंच बटण दाबलं. माझ्या नोंदीत मात्र एवढंच उमटायचं: बटण दाबलं, गाडी आली. बोट कुणाचं, हे लिहायला जागाच नव्हती. मी आतल्या आत चरफडायचो.

महिना संपल्यावर पाहणी करणाऱ्या ताई आल्या.

"काका, आवडली का सेवा?"

"झकास आहे."

"वापरायला सोपी वाटली?"

"अगदी सोपी."

पोर उन्हातून तीन जिने चढून आली, तिला कशाला नाराज करायचं, असं ते नंतर सुनेला म्हणाले. ताई भराभर कागदावर खुणा करत होत्या आणि मी त्यांच्या कोपराशी पडलो होतो. अहो, एकदा मला काकांच्या हातात तर द्या! पण सांगणार कसं? पोटात एवढं यंत्र भरलंय, आणि वेळेला त्याचा काडीचा उपयोग नाही.

अहवालात लिहिलं, सेवा सर्वांनी स्वीकारली. मावशींचा फोन बंद झाला आणि मला काकांकडेच ठेवलं.

मग एका मंगळवारी सुनेला कामावर लवकर जावं लागलं. काका कपडे करून दाराशी बसले आणि मला दाबू लागले. आधी अंगठा, मग करंगळी, मग दोन्ही हातांची सगळी बोटं. मी जीव एकवटून वाट बघत होतो, पण मला काहीच कळत नव्हतं. त्यांनी घरातल्या जुन्या, बटणांच्या फोनवरून मावशींचा नंबर लावला. तो लागलाच नाही. सुनेला कामावरून बोलवायला त्यांचं मन धजेना. उपचाराची वेळ टळून गेली. संध्याकाळी सून आली तेव्हा त्यांच्या पायांवर सूज होती आणि त्यांना धाप लागली होती. ती धावतपळत त्यांना घेऊन गेली.

पण त्याआधी, दुपारी, काकांनी मला हळूच टेबलावर ठेवलं होतं. माझी काच पुसली आणि म्हणाले, "तुझा काय दोष बाबा? मलाच जमत नाही."

मित्रांनो, जमत मला नव्हतं. तुम्ही कुणाला नवी वस्तू दिलीत, तर नुसतं 'आवडली का' विचारून उठू नका. ती त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसून त्या हाताकडे बघा.