डबा जड वाटतोय

सहाशे किलो भार नेणारी लिफ्ट माणसांनी गच्च भरून चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि बाई पाय बाहेर टाकणार तेवढ्यात डबा हातभर खाली घसरला. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंचा पाय घोट्यात मोडला. ब्रेक नीट लावला नाही, असा ठपका ठेवून कंपनीने म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी बसवलं.

लिफ्टच्या त्याच कंपनीत एक तरुण मुलगी तपासणीचं काम करायची; मिस्त्री हा तिचा सख्खा मामा. पाना कसा धरायचा हेही तिला त्यानेच शिकवलेलं. चौकशीत तो एवढंच म्हणाला होता, "डबा जड वाटतोय." साहेब हसले. "वाटतोय म्हणजे किती?" मामाला आकडा सांगता आला नाही आणि तिथेच सगळं संपलं.

दोन महिन्यांनी त्याच इमारतीच्या तपासणीला तिला पाठवलं. डब्यात पाय ठेवताच तिला खाली काळीभोर, चकचकीत ग्रॅनाइटची फरशी दिसली.

"ही कधी बसवली?"

"झाले तीन-चार महिने," इमारतीचा व्यवस्थापक म्हणाला. "पातळ आहे हो मॅडम. पाच-दहा किलो असेल फार तर. तुमच्या माणसाचा ब्रेकच ढिला होता, ते झाकायला आता फरशी कशाला पुढे करता?"

तिने व्हॅनमधून वीस-वीस किलोची वजनं वर आणवली.

लिफ्टच्या दोराला एका टोकाला डबा आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी लाद्यांचं काउंटरवेट. डबा आणि निम्मा भार यांची बेरीज काउंटरवेटइतकी असावी लागते. कागदावर डबा आठशे, निम्मा भार तीनशे, काउंटरवेट अकराशे. म्हणजे डब्यात तीनशे किलो ठेवले की दोन्ही बाजू तुल्यबळ व्हायला हव्यात आणि मोटारने वर जाताना जेवढी वीज ओढली तेवढीच खाली येतानाही ओढायला हवी.

आधी तिने काउंटरवेटच्या लाद्या मोजल्या. त्या पुरत्या अकराशे भरल्या. मग डब्यात तीनशे ठेवले. मीटरवर वर जातानाचा आकडा कितीतरी मोठा आला. दोनशे ठेवले, तरी वरचाच मोठा. ती वजनं उचलून बाहेर ठेवत राहिली. एकशे वीसवर दोन्ही आकडे सारखे झाले.

ती भिंतीला टेकून वहीत लिहू लागली. डबा अधिक एकशे वीस, बरोबर अकराशे. एकशे वीस पलीकडे नेले, डबा नऊशे ऐंशी. त्यातून मूळचे आठशे वजा केले. एकशे ऐंशी.

तिने पुन्हा मोजलं. तेच.

"पाच-दहा किलो काय!" ती इतक्या जोरात ओरडली की जिन्यातली माणसं थबकली. "एकशे ऐंशी किलो घातलेत तुम्ही! आत सहाशेचा भार भरला की ब्रेकने तीनशेचा फरक धरायचा, त्याला तुम्ही चारशे ऐंशी धरायला लावलेत. दोन-अडीच जाडजूड माणसं कायमची आत उभी केलीत आणि घसरली तर म्हणे मिस्त्री दोषी!"

"आवाज खाली करा. वहीतल्या बेरजेवर कोण विश्वास ठेवणार?"

"मग फरशी उखडा."

"ते शक्य नाही."

"तर लिफ्टही शक्य नाही." तिने वीज तोडली, खटक्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि जिना उतरून निघून गेली.

तीन दिवस लोक पाच मजले चढले आणि व्यवस्थापकाच्या नावाने बोटं मोडत राहिले. चौथ्या दिवशी फरशी निघाली. दगड दोन सेंटिमीटर आणि त्याखाली सिमेंटचा त्याहून जाड थर. सगळं काट्यावर चढवलं. एकशे अठ्ठ्याहत्तर किलो.

कंपनीला द्यायच्या पहिल्या पत्रात व्यवस्थापकाने 'काही तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलं. तिने ते त्याच्यासमोर टराटरा फाडलं. दुसऱ्यात फरशी आली, वजन आलं आणि मिस्त्रीची चूक नव्हती हेही आलं. त्याची एक प्रत चौथ्या मजल्यावरच्या बाईंकडे पोचवून ती मामाकडे गेली.

मामाने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी. तपासणीला गेले तेव्हा."

"आणि त्याआधीचे दोन महिने?" त्याचा आवाज चढला. "मी म्हणालो होतो ना, डबा जड वाटतोय! वजनं तुझ्याकडे, मीटर तुझ्याकडे. एकदा जाऊन बघावंसं वाटलं नाही? साहेबांचं जाऊ दे. तुलाही वाटलं होतं ना, म्हाताऱ्याचा हात चुकला?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिने मान खाली घातली.

"हो."

मामा ताडकन उठला. "पत्र ठेव तिथे आणि जा."

पुढच्या आठवड्यात तो कामावर रुजू झाला. साहेबांनी हात पुढे केला तर त्याने आपले तेलकट हात दाखवले. तिच्याशी पाना दे, वायर धर, याखेरीज महिनाभर एक अक्षर बोलला नाही. तिनेही त्याहून जास्त काही मागितलं नाही. मनातल्या मनात ती व्यवस्थापकाला शिव्या घाली, साहेबांना घाली आणि मग बराच वेळ स्वतःला.