डावीकडचा जोड

रॉइस टॅकेटची गाडी एकोणीस वर्षांनी माझ्या गॅरेजच्या दारात आली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि फेब्रुवारीतलं धुकं असं दाटलेलं की रस्त्यापलीकडची बदामाची बाग दिसत नव्हती. आधी ट्रेलरचा खडखडाट आला, मग दिवे, मग ते नारिंगी बॉनेट. मी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. नाहीतर सांडलाच असता.

ट्रक चालवणारी बाई उतरली. रॉइसची मुलगी, कॉर्लिस. बाप गेला तेव्हा आठ वर्षांची होती. हनुवटी अगदी त्याची.

"एनिस," ती म्हणाली. लहानपणी अंकल एनिस म्हणायची.

"बरीच मोठी झालीस गं."

"एकोणीस वर्षांत होतात माणसं." तिने ट्रेलरचे पट्टे सोडायला घेतले. "इंजिन मी केलंय. गिअरबॉक्स फ्रेस्नोतल्या एकाने बांधून दिला. ऑइल कूलर तेवढा तू बसवायचास. मार्चच्या पहिल्या शनिवारी शर्यतीच्या पट्टीवर उतरवणार आहे."

"दुसऱ्या कुणाकडे ने ना. माझी पाठ आता–"

"तुझ्या पाठीला काही झालेलं नाही. आत्ता दारातला बंपर उचलून बाजूला ठेवलास, बघितलं मी."

मी नाही म्हणू शकलो नाही. का, ते सांगतो.

आमच्या पट्टीवरची शर्यत म्हणजे सरळ पाव मैल. दहा सेकंदांचा खेळ. पण तेवढ्यात आणि त्याआधी रांगेत थांबताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल उकळायला येतं. ते एका पाइपाने गाडीच्या नाकापाशी बसवलेल्या कूलरमध्ये जातं, वाऱ्याने निवतं आणि दुसऱ्या पाइपाने परत येतं. त्यातला एक पाइप सुटला, तर दाबाखालचं गरम तेल थेट लाल झालेल्या सायलेन्सरच्या नळ्यांवर उडतं. रॉइसचं तेच झालं. गाडी अर्ध्या पट्टीवर असताना पेटली. तो अकरा दिवस जगला.

त्या काळी आम्ही रबरी पाइप आणि त्यांना आवळून धरणारे कड्यासारखे क्लॅम्प वापरायचो. डावीकडचा पाइप मी चढवला होता, क्लॅम्प सरकवून ठेवला होता, आणि तो आवळणार तेवढ्यात कुणीतरी जेवायला हाक मारली. परत आलो तेव्हा रॉइस हेल्मेट घालत होता. "झालं का रे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "झालं."

मला खरंच वाटलं होतं, की झालं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो. चौकशी करणाऱ्यांनी लिहिलं की चालकाने स्वतः क्लॅम्प सैल ठेवला. मी तिथे उभा होतो, टोपी हातात घेऊन. मी काही बोललो नाही.

कॉर्लिसने नवा कूलर आणला होता आणि बापाचा जुनाही, फडक्यात गुंडाळून. "हाच बसवला तर?"

"नको. कितीही धुतलास तरी आतल्या फटींत जुन्या गिअरबॉक्सचा चुरा राहतो. नव्याला मारेल तो."

तिने तो पुन्हा गुंडाळला, तान्हं मूल गुंडाळावं तसा, आणि घेऊन गेली.

मी कामाला लागलो. कूलर रेडिएटरच्या पुढे बसवला, मध्ये बोटभर फट सोडून. तोंडं वर ठेवली, म्हणजे आत हवा अडकत नाही. पाइप पोलादी जाळीचे घेतले, दोन्ही टोकांना आट्यांचे जोड, क्लॅम्पचं नावच नको. प्रत्येक जोड दोन पान्यांनी आवळला, एकाने धरून, एकाने फिरवून. सायलेन्सरपासून पाइप वीतभर दूर नेले. तेल भरलं, इंजिन चालवलं, खाली सरपटत जाऊन प्रत्येक जोड टिशूने पुसून पाहिला. कोरडा. खाली पांढरा पुठ्ठा पसरून घरी गेलो.

सकाळी पुठ्ठ्यावर, डावीकडच्या जोडाच्या बरोबर खाली, एक लाल थेंब होता. गिअरबॉक्सचं तेल लालच असतं.

जोड कोरडा होता. गिअरबॉक्स कोरडा. मी जोड सोडून नवा घातला, पुन्हा आवळला, पुठ्ठा बदलला. दुसऱ्या सकाळी पुन्हा थेंब, त्याच जागी. मी पाइपच बदलला. तिसऱ्या सकाळी थेंब होताच, आणि दार उघडल्याबरोबर जळक्या तेलाचा वास आला. गोडसर, करपलेला. तो वास एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. इंजिन थंडगार होतं. गॅरेजात काहीही तापलेलं नव्हतं.

मी बाहेर धुक्यात जाऊन उभा राहिलो. मोठ्याने म्हणालो, "रॉइस, काय हवंय तुला?" बागेतून कुणाचातरी कुत्रा भुंकला, एवढंच.

तेवढ्यात कॉर्लिसचा ट्रक आला. आत पाऊल टाकताच ती थांबली आणि तिने नाक वर केलं.

"तुलाही येतोय?" मी विचारलं.

"घरी येतो. गाडी ठेवायचो त्या शेडमध्ये. आई गेली त्या आठवड्यात रोज यायचा." मग तिला पुठ्ठा दिसला. ती गुडघ्यांवर बसली, थेंब बोटावर घेऊन चोळला. "कुठून गळतंय?"

"कुठूनच नाही."

ती उठली नाही. तशीच बसून वर माझ्याकडे बघत राहिली, आणि माझ्या तोंडून ते निघालंच. जेवणाची हाक, क्लॅम्प, ते एक "झालं". एकोणीस वर्षांत मी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. बोलताना आवाज माझा वाटेना.

कॉर्लिसने बोट फडक्याला पुसलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय?"

"बाबाने हॉस्पिटलमध्ये आईला सांगितलं होतं. म्हणाला, एनिसला कळू देऊ नकोस, तो मरेल. आईने मरताना मला सांगितलं."

तिची आई वांडा दर नाताळाला मला घरी भाजलेले गोड पेकान पाय पाठवायची. पंधरा वर्षं, जाईपर्यंत. मी ते खाल्ले होते. मी टायरवर बसलो.

"मग गाडी माझ्याकडे का आणलीस? माझ्याकडेच का?"

"कारण त्या जोडावर तुझ्याइतकं लक्ष जगात कोण देणार आहे?" ती म्हणाली. "पण मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. आई करायची. मी नाही करत." तिने श्वास घेतला. "तपासणीच्या रांगेत पोरं एकमेकांना काय विचारतात, ऐकलंयस? 'टॅकेट तर नाही ना केलास?' कुणी नट सैल ठेवला की तो टॅकेट. मी शाळेपासून ऐकतेय. तू तिथे उभा असतोस एनिस, आणि हसतोस."

मी हसायचो. खरं होतं ते.

"काय करू सांग."

"शनिवारी शर्यतीआधी सगळे चालक जमतात ना? तिथे बोल."

ते तीन दिवस मला घास गेला नाही. शनिवारी सकाळी कॉटनवुड पट्टीवर धुकं विरत होतं. चाळीसेक चालक कॉफी घेऊन गोल उभे होते. सुरुवात देणारा म्हातारा ब्यूफर्ड नेहमीच्या सूचना देत होता. मी हात वर केला. तो म्हणाला, "काय रे, लघवीला जायचंय?" सगळे हसले.

मी बोललो. तीन-चार वाक्यांतच संपलं. तो क्लॅम्प मी सैल ठेवला. रॉइसने विचारलं, मी खोटं बोललो. तुम्ही इतकी वर्षं चुकीच्या माणसाचं नाव घेताय.

एकाने कॉफी जमिनीवर ओतली. ब्यूफर्ड माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याच्या शवपेटीला खांदा दिलास की रे तू." आणि मग घसा खाकरून, "गाड्या रांगेत लावा."

कॉर्लिसची पाळी अकराव्या नंबरवर होती. मी गाडीखाली गेलो. इंजिन तापवलं, तेल तापू दिलं, दहा मिनिटं त्या जोडाखाली पडून राहिलो. कोरडा. पण वास आला. अगदी जवळ, जणू कुणीतरी माझ्याशेजारी पडून तोच जोड बघत होतं. मला भीती वाटली नाही असं नाही. मी हललो मात्र नाही.

बाहेर आलो तेव्हा कॉर्लिसने हेल्मेटच्या आतून विचारलं, "झालं?"

मी पुन्हा खाली गेलो, जोडाला हात लावला, पाना लावून पाहिला, आणि मगच वर येऊन सांगितलं.

ती गेली. गाडी पळताना मी बघू शकलो नाही, फक्त आवाज ऐकला, इकडून तिकडे, सलग, कुठेही न तुटता. दहा पूर्णांक चार सेकंद. गाडी परत आली तेव्हा तेलाचा काटा एकशे सत्तर फॅरनहाइटवर होता, असायला हवा तिथेच. तिने हेल्मेट काढलं. ती रडली होती, पण माझ्यासमोर नाही.

गॅरेजात वास अजून येतो. कमी येतो असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. सवय झालीय.

त्या दुपारी आम्ही गाडी ट्रेलरवर चढवली. कॉर्लिसने मला एका बाजूचे पट्टे आवळायला सांगितले. मी आवळले. मग ती माझ्या बाजूला आली आणि माझ्यासमोरच एकेक पट्टा हाताने ओढून पाहिला, दोन्ही. मी बाजूला सरकून तिला जागा करून दिली.