पुराचं काम

पुलाची मोडलेली फळी बदलून झाली, तारा आवळून झाल्या, आयदाहुनच्या वडिलांनी मधोमध उभं राहून उड्याही मारून दाखवल्या. तरी आयदाहुन पुलावर पाय ठेवीना. हिवाळ्यात ती फळी तिच्याच पायाखाली मोडली होती. पाय मांडीपर्यंत खाली लोंबकळला होता आणि एक बूट नदीत गेला होता. आता सुट्टी संपत आली होती, आणि शाळा नदीपलीकडे.

"सोमवारी पोरगी पूल ओलांडत नसेल, तर शिलाँगला मावशीकडे ठेवू," क्लेमेंटमामाने सांगून टाकलं. खासी घरात आईच्या भावाचा शब्द सहसा कोणी डावलत नाही.

आयदाहुनची आई, रिबियांग, चूल फुंकत राहिली. आठ वर्षांची लेक दूर पाठवायची तिची मुळीच तयारी नव्हती. मग तिने एक ठरवलं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घरातच बायबलमधली एकेक गोष्ट नाटकासारखी करून बघायची. पहिल्या दिवशी आयदाहुन गोफणवाला छोटा दावीद झाली आणि मामा धिप्पाड गल्याथ. कपाळावर कागदाचा बोळा बसताच मामा असा जोरात कोसळला की चहाची किटली चेपली. दुसऱ्या दिवशी सिंहांच्या गुहेत टाकूनही वाचलेल्या दानिएलाची गोष्ट. सिंह झालेला धाकटा भाऊ लाम दानिएलाला चावलाच.

सगळे पोट धरधरून हसले. पण सकाळी आयदाहुन पुलाच्या खांबाला धरून उभी राहिली आणि परत आली.

"दाविदाला भीती वाटली नाही," ती चुलीपाशी बसून म्हणाली. "दानिएलालाही नाही. मलाच वाटते."

रिबियांगचा भाजी चिरणारा हात थांबला. आपण पोरीला दोन दिवस चुकीचं औषध दिलं, हे तिच्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी तिने गिदोनाची गोष्ट काढली. शत्रूला दिसू नये म्हणून हा माणूस लपून गहू झोडत होता. त्यालाच देवाने शत्रूच्या छावणीपाशी जायला सांगितलं. भीती वाटत असेल तर पुरा नावाच्या चाकराला बरोबर घे, असंही सांगितलं.

"देव रागावला नाही?" आयदाहुनने विचारलं.

"नाही."

"भित्रा म्हणाला नाही?"

"तूच वाच."

आयदाहुनने ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. "मग पुराने काय केलं?"

"बरोबर गेला. दोघांनी छावणीच्या कडेला उभं राहून ऐकलं आणि परत आले."

"आणखी?"

"त्याच्याबद्दल आणखी काही लिहिलेलं नाही."

"हे काम मला द्या," पान-सुपारी चघळत मामा म्हणाला. "पाठ करायला एक ओळसुद्धा नाही!"

"तू गल्याथच बरा, दादा," रिबियांग म्हणाली.

"आई, पुराला भीती वाटत नव्हती का गं?"

रिबियांगने उघड्या पानाकडे पाहिलं. लेकीचा लोंबकळता पाय पाहिल्यापासून तीही पुलावर गेली नव्हती. गुडघे दुखतात असं सांगून ती बाजाराला खालच्या उतारावरून, लांबच्या वाटेने जात होती. पण मांडीवर बायबल उघडं असताना खोटं कसं बोलायचं?

"पुराचं माहीत नाही. मला वाटते. त्या दिवसापासून मी पूल ओलांडलेलाच नाही."

"आणि गुडघे?" नवऱ्याने विचारलं.

"ठणठणीत आहेत."

"अरे देवा!" मामा ओरडला. "आणि मी हिला चोळायला तेल आणून देतोय!"

आयदाहुन मात्र हसली नाही. ती आईकडे टक लावून बघत राहिली. मग उठली आणि आईचा हात ओढत म्हणाली, "चल. आपण फक्त ऐकून येऊ."

दोघी पुलाच्या खांबापाशी उभ्या राहिल्या. खाली पाणी खळाळत होतं, वाऱ्याने तार मधूनच कुरकुरत होती. ऐकून झाल्यावर त्या परत आल्या.

सोमवारी सकाळी आयदाहुन दप्तर पाठीला लावून पुढे, रिबियांग मागे. मामा काठावर हाताची घडी घालून उभा. निम्म्या वाटेवर नवी फळी होती, बाकीच्यांपेक्षा फिकट रंगाची. तिथे आयदाहुन थांबली. रिबियांगचे तळवे घामाने ओले झाले होते, तारेवरून घसरत होते.

"आई, तू पुरा आहेस," आयदाहुन मागे न बघता म्हणाली. "तुला फक्त बरोबर यायचंय."

तिने नव्या फळीवर एक बूट ठेवला, मग दुसरा. रिबियांगने तिच्या मागोमाग पाऊल टाकलं. फळी जागची हलली नाही.

दोघी पलीकडे पोहोचल्या तसा अलीकडून मामा गरजला, "शाबास! पण रिबियांग, तू परत कशी येणार?"

रिबियांगने पुलाकडे पाहिलं. आयदाहुनने दप्तर आवळलं.

"घंटेला वेळ आहे. चल, मी पोहोचवते."

आईला अलीकडे आणून सोडल्यावर ती मामासमोर थांबली. "मावशीला सांग, मी सुट्टीत येईन."

आणि ती वळून एकटीच पुलावर चढली. या वेळी नव्या फळीवर तिने एक उडी मारून घेतली.