मावशींनी पुसलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना उपग्रह आहे आणि गेली अकरा वर्षं मी पडतोच आहे. घाबरू नका. पृथ्वी मला सतत खाली ओढते, पण मी आडवा इतक्या वेगात धावतो, की तिची गोल जमीन माझ्याखालून वळत जाते आणि मी तिच्यावर आपटतच नाही. यालाच फेरी मारणं म्हणतात.

मी ढगांची छायाचित्रं काढतो. तरुणपणी माझं फार कौतुक झालं. आता नवे आल्यावर मला विचारतं कोण? खाली जमिनीवरून मला चालवणाऱ्या बाईंच्या टेबलावर मात्र माझा नमुना आहे: बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि एका टोकाला इंजिन म्हणून चिकटवलेलं बूच. कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून मला उलटं फिरवलं, की बाई डबाही तसाच फिरवतात, म्हणजे बूच पाहून इंजिन पुढे की मागे ते कळतं.

परवा बातमी आली. अर्ध्या फेरीनंतर, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांनी, एक मेलेला उपग्रह मला आडवा येणार होता, अगदी किंचित खालून. माझं इंधन इंजिनाच्या दोनच धक्क्यांपुरतं. मागून धक्का बसला तर मी पलीकडे पोचेपर्यंत उंच जाणार. समोरून बसला तर वेग मोडणार आणि मी थेट त्याच्या अंगावर उतरणार. त्यात मी बाईंच्या डोक्यावर असतो नऊ मिनिटं. आज्ञा तेवढ्यातच पोचते.

बाईंनी डबा पाहिला. बूच मागे होतं. शेजारी त्यांचे साहेब उभे होते.

"इंजिन मागेच आहे, साहेब. देते धक्का."

तिथलं बोलणं मला कसं कळलं, विचारू नका. आपला विषय निघाला की कान टवकारतातच.

"बाई, थांबा!" दारातून साफसफाईच्या मावशी म्हणाल्या. "तो डबा सकाळी मी पुसला. आधी कसा होता, आठवत नाही हो."

"हे आत्ता सांगताय?" साहेब ओरडले. "पाच मिनिटं उरलीत!"

"ओरडा नंतर. आधी बघा तरी."

बाईंनी नोंदवही उघडली. पंधरवड्यापूर्वी मला फिरवलं होतं. बूच पुढे हवं होतं!

बाईंनी आधी वळायची आज्ञा पाठवली. मला वळायला तीन मिनिटं लागली. अखेरच्या वीस सेकंदांत धक्का बसला, मागूनच. ठरल्या वेळी तो मेलेला उपग्रह माझ्याखालून मुकाट निघून गेला. तोही कधीकाळी कामाचा होता. त्याचं इंधन शेवटच्या थेंबापर्यंत कामाला वापरलं. उतरायला काहीच ठेवलं नाही.

मावशींना कुणी रागावलं नाही. साहेबांनीच त्यांना खुर्ची दिली. डब्यावर आता लाल बाण रंगवला आहे.

माझ्याकडे एकच धक्का उरला आहे. माझं काम संपलं की तो समोरून द्यायचा, म्हणजे मी खाली येऊन हवेत जळून जाईन. मित्रांनो, चुकलं असं वाटलं तर मावशींसारखं वेळेत बोला. आणि माझ्या इंधनाचा तो शेवटचा घोट दुसऱ्या कामाला काढू नका. मला कुणाच्या वाटेत मरून पडायचं नाही.