एक ठोका

अंगठ्याखाली दाबून धरलेली स्प्रिंग निसटली, टणकन उडाली आणि अंगणात कुठे गडप झाली ते कळलं नाही. तो गुडघ्यांवर आला. गाडीखाली पाहिलं, बादलीमागे पाहिलं, शेवटी स्वतःच्या खिशातही पाहिलं.

"मागच्या चाकापाशी," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला.

स्प्रिंग तिथेच होती. त्याने मान वर केली, तर खिडकीत कुणी नव्हतं.

गाडी इतकी जुनी की रस्त्याने जाणारा भंगारवाला तिला रोज नमस्कार करायचा; थोरामोठ्यांना करावा तसा, आणि जरा वाट पाहिल्यासारखाही. नवा स्टार्टर मागायला हा गेला तेव्हा दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून आधी आपल्या आजोबांची आठवण काढली आणि मग हात जोडले. जुना स्टार्टर तर कैक वर्षं नुसत्या ठोक्यावर चालला होता. चावीवर हात ठेवून याने "हाण" म्हणायचं, बॉनेटमागून बायकोने हातोडीचा एक ठोका घालायचा, की गाडी खाकरून जागी व्हायची. ठोका कुठे नि केवढा, हे तिच्या हाताला पाठ होतं. एकदा शिंकता शिंकता तिने गाडी चालू केली होती, असं तो शपथेवर सांगायचा.

काल मात्र ठोकून ठोकून तिचा हात भरून आला, तरी गाडीने हूं की चूं केलं नाही. तिच्या बहिणीच्या नव्या घरी जाणं पुन्हा राहिलं. तिने हातोडी बादलीत फेकली.

"उद्या दुपारी मी निघणार. गाडी झाली तर गाडीनं, नाही तर बसनं. आणि तिकडेच राहणार. परत कधी, ते विचारू नका."

"अगं, एवढं झालं तरी काय?"

"दिवसभरात तुम्ही माझ्याशी एकच शब्द बोलता. हाण!"



आज सकाळपासून तो स्टार्टर उघडून बसला होता. आतले वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. ट्रकचे मोठे ब्रश आणून तो कानशीने मापात घासत होता. जरा घासायचं, उठायचं, खिडकीकडे बघायचं, पुन्हा बसायचं. ब्रश थोडा जास्तच घासला गेला, गाडी झालीच नाही तर? कानस थांबली. पण मग ती बसने जाईल, एकटी. गाडीने निदान बहिणीच्या दारापर्यंत तरी शेजारी बसेल. कानस पुन्हा चालू झाली.

स्टार्टर जागेवर बसवून त्याने चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. चोरी पकडली गेल्यासारखं त्याने ते लगेच बंद केलं. आत भांड्यांचा आवाज थांबला.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. हातात मोठी बॅग.

"झाली?"

"झाली. म्हणजे... एक ठोका लागेल."

"आणि सकाळपासून काय आरती ओवाळत होता का तिची?"

"जुनी आहे गं." तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "तिकडून निघतानाही लागेलच. मला एकट्याला नाही जमायचं."

तिने त्याच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. बॅग पायरीवर ठेवली, बादलीतून हातोडी काढली आणि बॉनेट वर केलं. आता ती त्याला दिसेना. नेहमीचा शब्द ओठांवर आला नि तिथेच अडला.

"बोला की," बॉनेटमागून आवाज आला.

"हात सांभाळून," तो म्हणाला.

ठोका पडला. स्टार्टरचा भरीव आवाज त्याच्या कानाला चांगला ओळखीचा होता. हा आवाज पत्र्याचा होता, मडगार्डचा. त्याने मुकाट्याने चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

बॉनेट लावून ती शेजारी येऊन बसली, हातोडी मांडीवर घेऊन.

"बॅग राहिली," तो पायरीकडे बघत म्हणाला.

"चला आता. दिवेलागणीच्या आत परत निघायला हवं. अंधारात मला ठोक्याची जागा सापडत नाही."